काटा पळतो, गाडी नाही!

प्रश्न: दादा, माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक मागच्या वर्षी रीमॅप केली (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवली). आता साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढताना चौथ्या गिअरला पाय दाबला की आरपीएमचा काटा वर पळतो पण स्पीड वाढतच नाही, वर करपल्यासारखा वास. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खरंच का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: बहुतेक हो, कारण क्लच स्लिप होतोय, म्हणजे इंजिन फिरतं पण क्लच प्लेट घसरते, ताकद चाकांपर्यंत पोचत नाही; आणि क्लच इंजिन-गिअरबॉक्सच्या मध्ये असतो. रीमॅपने टॉर्क (इंजिनचा फिरवायचा जोर) वाढला पण क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची पकड कंपनीतून आली तेवढीच, आणि टर्बोचा टॉर्क मधल्या आरपीएमला एकदम येतो म्हणून वरच्या गिअरलाच आधी कळतं. पण थांबा, आधी क्लच पेडलचा फ्री प्ले (दाबताना सुरुवातीची मोकळी हालचाल) बघून घ्या, पाय काढल्यावरही क्लच पूर्ण पकडतच नसेल तर नवी क्लच प्लेटही जळेल. गिअरबॉक्स उतरवलाच तर क्रँकचा (इंजिनच्या मुख्य दांड्याचा) मागचा ऑइल सील नक्की बघायला सांगा, तिथून क्लचवर तेल येत असेल तर नवीन प्लेटही अशीच घसरणार. फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चकतीवर) निळे डाग, चिरा दिसल्या तर तेही काम आत्ताच उरका, दोनदा मजुरी कशाला द्यायची! नुसती स्टॉक (कंपनीची मूळ) प्लेट टाकून तोच रीमॅप ठेवणार असाल तर पुन्हा इथेच पत्र पाठवाल.

आणि हो, सिग्नलला अर्ध्या क्लचवर उभं राहायची सवय असेल तर ती सोडा.