मोटरसायकलच्या मुठीवर नवी रबरी ग्रिप बसवल्यापासून रेस परत येत नाही. केबल बदलावी लागेल का? आणि अशा गाडीने रविवारी पसरणी घाट चढता येईल का?

केबल बदलू नका, निदान आत्ता तरी. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अशी गाडी घेऊन वाई-पाचगणी रस्त्यावरचा पसरणी घाट चढू नका. घाट सोडा, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी 2014 ची पल्सर 150 आहे. ऑनलाइन मागवलेल्या रबरी ग्रिप घरीच रबर सोल्यूशन लावून बसवल्या. डावी व्यवस्थित बसली. उजवीकडे मात्र मूठ पिळून सोडली की रेस आहे तिथेच राहते, हाताने मागे फिरवली की इंजिन लगेच स्लोवर येतं. मिस्त्री म्हणतात केबल गेली, आणि रविवारी वाईहून पाचगणीला जायचंय.

यातलं 'हाताने मागे फिरवली की लगेच स्लोवर येतं' हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुमच्या गाडीला रेसची एकच केबल आहे. ती फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. तुम्ही मूठ पिळता तेव्हा केबल कार्ब्युरेटरमधली, म्हणजे इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागातली, झडप उघडते. झडप बंद करायचं काम खाली कार्ब्युरेटरवरच्या स्प्रिंगचं असतं, आणि तीच स्प्रिंग केबल ओढून वरची मूठही परत आणते. आता केबल आत अडकली असती किंवा झडप चिकटली असती, तर मूठ मागे फिरवल्यावर केबल नुसती सैल पडली असती आणि इंजिन तसंच ओरडत राहिलं असतं. तुमचं इंजिन लगेच खाली येतं, म्हणजे स्प्रिंग ठीक आहे, झडप ठीक आहे आणि केबलही सुरळीत सरकते आहे. अडथळा मुठीपाशीच आहे. ग्रिप बसवायच्या आदल्या दिवशी सगळं नीट चालत होतं, हेही तेच सांगतं. केबल फार महाग नसते, त्यामुळे पैसे वाया जाण्याचं दुःख मोठं नाही. मला काळजी वेगळीच वाटते. केबल बदलताना स्विचची पेटी उघडली जाते, थोडं तेल पडतं, मूठ दोन दिवस बरी फिरते आणि आपण समजतो की काम झालं. मग नेमकं वळणावर दुखणं परत येतं.

मी कराडला गॅरेज चालवतो. नव्या ग्रिपनंतर रेस अडकते म्हणून येणाऱ्या गाड्यांत बहुतेकदा दोनपैकी एका टोकाला रबर घासत असतं, नाहीतर आत सोल्यूशन गेलेलं असतं. तुमच्या बाबतीत सोल्यूशनचा संशय जास्त आहे, पण तपासायला सुरुवात सोप्या टोकापासून करा. इंजिन बंद ठेवा, गाडी मेन स्टँडवर लावा.

हँडलच्या उजव्या टोकाला जे लोखंडी वजन असतं, ज्याला आपण बार एंड म्हणतो, त्याचा स्क्रू काढून ते बाजूला ठेवा. मूठ पूर्ण पिळा आणि एकदम सोडा. आता 'टक्' आवाज करून परत आली तर चोर सापडला. ग्रिप थोडी लांब आहे किंवा बाहेर सरकलेली आहे, आणि तिचं टोक त्या वजनावर दाबलं जातंय. बाजारातल्या ग्रिप सगळ्या एका लांबीच्या नसतात. काहींचं टोक बंद असतं, ते कापून भोक पाडावं लागतं, आणि कापताना राहिलेली रबराची जाड किनारसुद्धा पुरेशी असते. अशा वेळी टोक धारदार कटरने सरळ कापा आणि वजन परत लावल्यावर मध्ये 1 ते 2 मिलिमीटर मोकळी जागा राहते का बघा. वजन कायमचं काढून टाकू नका. हँडलची थरथर कमी करण्यासाठीच कंपनीने ते दिलेलं असतं.

वजन काढूनही मूठ जडच असेल तर दुसऱ्या टोकाला या. ग्रिपच्या आतल्या बाजूला जी जाड कॉलर असते, ती स्टार्टर आणि किल स्विचच्या (इंजिन बंद करायच्या बटणाच्या) पेटीला टेकलीय का बघा. टॉर्च लावून जवळून पाहा. घासत असेल तर कॉलरच्या कडेवर एक गुळगुळीत, चकचकीत पट्टा उठलेला दिसतो आणि पेटीच्या कडेला काळ्या रबराचा बारीक चुरा जमलेला असतो. बोट फिरवलं की बोट काळं होतं. हा चुरा दिसला की आणखी पुरावा नको. ग्रिप बसवताना लोक तळहाताने जोर लावून ती आत ढकलतात, आणि शेवटचा धक्का असा बसतो की कॉलर पेटीला जाऊन भिडते. डावीकडे ती भिडली तरी बिघडत नाही, तिथे ग्रिप फिरतच नाही. म्हणून 'डावी छान बसली' यावरून उजवीचा अंदाज बांधता येत नाही.

एक गोष्ट इथेच विचारून ठेवतो: डावी-उजवी अदलाबदल तर झाली नाही ना? डावी ग्रिप थेट 22 मिलिमीटरच्या हँडलवर बसते, उजवी प्लॅस्टिकच्या फिरत्या पाइपवर, म्हणून उजवीचं भोक मोठं असतं. डावी ग्रिप जबरदस्तीने त्या पाइपवर चढवली तर पाइप आवळला जातो आणि हँडलला धरून ठेवतो. तसं झालं असेल तर डावीकडची सैल पडली असती, म्हणून तुमच्याकडे हे नसावं. तरी पाकिटावरची खूण बघून घ्या.

दोन्ही टोकं मोकळी असूनही मूठ जड फिरते, चिकट वाटते, सोडल्यावर रेंगाळत येते? मग सोल्यूशन पाइपच्या आत, पाइप आणि हँडलच्या मध्ये गेलंय. ग्रिप आत सरकताना पुढे गोळा झालेलं सोल्यूशन कडेवरून आत उतरतं. पहिले काही तास ते ओलं असतं तेव्हा मूठ छान फिरते, वाळायला लागलं की पकडते. यावर वरून तेल सोडणं हा उपाय नाही. पाइप काढावाच लागतो.

काम कठीण नाही, फक्त घाई नको. स्विचच्या पेटीचे दोन स्क्रू काढा, पेटीचे दोन भाग अलगद वेगळे करा, केबलच्या टोकाचा छोटा मणी पाइपच्या खाचेतून सोडवा आणि पाइप ग्रिपसकट बाहेर ओढा. उघडण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवा, केबल कुठून आली आणि वायरी कुठून गेल्या ते दिसेल असे. पेट्रोलमध्ये किंचित भिजवलेल्या फडक्याने हँडल आणि पाइपची आतली बाजू पुसा. हे उघड्यावर, इंजिन थंड असताना, आसपास विडी-काडी नसताना करायचं. हँडलवर गंज असेल तर झिरो नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. मग सगळं कोरडं करा. कोरडा पाइप नुसता हँडलवर घालून बोटाने फिरवला तर कुठेही न अडता गरगर फिरला पाहिजे. इथे ग्रीस थापायचा मोह खूप जणांना होतो. आपल्या रस्त्यांची धूळ त्यात बसते आणि पावसाळ्यानंतर मूठ पुन्हा जड होते. कोरडंच ठेवा.

ग्रिप पाइपवरून सरकली असेल किंवा चुकीच्या जागी चिकटली असेल तर ती उभी चिरून काढा आणि दुसरी आणा. ओढून-ताणून काढलेली ग्रिप पुन्हा नीट धरत नाही. नवी ग्रिप पाइपवर गाडीच्या बाहेरच चिकटवा. सोल्यूशनचा पातळ हात पाइपच्या मधल्या भागावरच द्या, दोन्ही कडा बोटभर कोऱ्या सोडा, आणि रात्रभर वाळू द्या. मग पाइप हँडलवर चढवायचा. गाडीवरच चिकटवणं भाग असेल तर कॉलर आणि पेटीच्या मध्ये जुनी दोन एटीएम कार्डं धरा. त्या दोघांची जाडी मिळून साधारण दीड मिलिमीटर होते, आपल्याला हवी तेवढीच. वाळेपर्यंत ती तिथेच राहू द्यायची.

पेटी बंद करताना तिच्या आतली छोटी खुंटी हँडलच्या भोकात बसली पाहिजे. नाही बसली तर पेटी तिरकी बसते आणि पाइप दाबते. वायर मध्ये चेपत नाही ना ते पाहा आणि दोन्ही स्क्रू आलटून पालटून, बेताने आवळा.

आता खरी परीक्षा. इंजिन बंद. हँडल सरळ, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. प्रत्येक जागी मूठ थोडी, अर्धी आणि पूर्ण पिळून एकदम सोडून द्या. प्रत्येक वेळी मूठ स्वतःहून 'टक्' परत आली पाहिजे. नंतर हेच मूठ हाताने आत पेटीकडे दाबून आणि बाहेर ओढून करा, कारण चालवताना आपला हात नेमकं हेच करतो. मुठीच्या कडेवर 2 ते 6 मिलिमीटर मोकळा प्ले असू द्या, म्हणजे केबल ओढली जाण्याआधी मूठ तेवढी नुसती फिरली पाहिजे. मग इंजिन सुरू करून स्लोवर ठेवा आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आवाज कुठेही चढता कामा नये. चढला तर केबल ताणली जातेय, म्हणजे ती आधीच्या वाटेने गेलेली नाही. फोटो इथे उपयोगी पडतील.

ग्रिपवर वरून फोमचं किंवा कापडी कव्हर घालायचा विचार असेल तर उजवीकडे नको. ते सरकून पेटीला भिडतं आणि पुन्हा हेच होतं.

घाटाला मी इतका का घाबरतो तेही सांगतो. पसरणीच्या वळणावर आपण रेस सोडतो आणि ब्रेक धरतो, गाडी हळू होणार हे गृहीत धरून. रेस उघडीच राहिली तर इंजिन ब्रेकच्या विरुद्ध ढकलत राहतं, आणि वळणावर तो एक सेकंद खूप मोठा असतो. कधी चालत्या गाडीत रेस अडकलीच तर आधी क्लच दाबा, म्हणजे चाकाला जोर मिळणं थांबेल. इंजिन जोरात ओरडेल, ओरडू द्या. ब्रेक धरा, उजव्या अंगठ्याने किल स्विच बंद करा आणि कडेला या. स्कूटरला क्लच नसतो, तिथे ब्रेक धरून किल स्विच नाहीतर चावीच बंद करायची, मात्र चावी हँडल लॉकच्या बाजूला फिरवायची नाही. घरच्यांपैकी जो जो ही गाडी चालवतो त्याला हे दाखवून ठेवा.

काम शुक्रवारी संध्याकाळी केलंत तर शनिवारी परीक्षा होईल आणि रविवारी निघता येईल. डावी ग्रिपही एकदा जोरात पिळून बघा, ती हँडलवर फिरली तर तीही पुन्हा चिकटवावी लागेल. आणि एवढं करूनही मूठ मागे फिरवल्यावर इंजिन स्लोवर येत नसेल, तर मात्र दुखणं केबलमध्ये किंवा कार्ब्युरेटरमध्ये आहे. मग गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून मिस्त्रींकडे न्या. अडलात तर कॉलर आणि पेटी यांच्यामधली फट स्पष्ट दिसेल असा फोटो इथे टाका, बघून सांगतो.