प्राध्यापक शिकवताना कॉम्प्युटर वापरतात की नाही हे वयावर ठरतं का?

नाही. प्राध्यापक कॉम्प्युटर का वापरत नाहीत यावर तुम्ही सर्व्हे करणार म्हणून हा प्रश्न विचारलात, पण त्यात 'जुन्या पिढीला जमत नाही म्हणून' असं गृहीतच धरलंय, म्हणून लिहायला बसले, कारण हेच वाक्य मी भर मीटिंगमध्ये ऐकून घेतलंय.

मी स्टॅटिस्टिक्स शिकवते, चोवीस वर्षं झाली. सेंट्रल लिमिट थिअरम, म्हणजे बऱ्याच आकड्यांची सरासरी पुन्हा पुन्हा काढली की त्या सरासऱ्या मध्याभोवती घंटेच्या आकारात जमतात हा नियम, फळ्यावर शिकवलं की मुलं माना डोलावतात, पेपरात सूत्र लिहितात आणि कळलेलं काहीच नसतं. म्हणून एकदा रात्री जागून एक्सेलमध्ये फाशांची शीट केली, एका फाशाचे आकडे, मग दोन, दहा, तीस फाशांची सरासरी, कीबोर्डवरचं एफनाइन दाबलं की सगळे फासे परत पडतात आणि ग्राफ बदलतो. वर्गात गेले तर प्रोजेक्टरची केबल व्हीजीएची आणि माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. कनेक्टर ज्या कपाटात त्याची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. वीस मिनिटं गेली. नेमके तेव्हाच विभागप्रमुख दारातून डोकावून गेले आणि त्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये म्हणाले, सीनियर लोकांना टेक्नॉलॉजी झेपत नाही. शीट कुणी उघडूनही बघितली नव्हती! त्यानंतर दोन वर्षं मी लॅपटॉप वर्गात नेला नाही.

परत सुरू केलं ते लॅब असिस्टंटमुळे. तो म्हणाला, मॅडम, मुलांनाच लॅबमध्ये आणा, मी थांबतो. बस, एवढंच. प्रत्येकाने आपापली शीट चालवली. एका फाशाचा ग्राफ सपाट आणि तीस फाशांच्या सरासरीचा साडेतीनभोवती ढीग, हे बघून एका मुलीने विचारलं, "मॅडम, फासा तर तोच आहे, मग मधेच का जमतंय सगळं?" इतक्या वर्षांत फळ्यासमोर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझं वय तोपर्यंत दोन वर्षांनी वाढलंच होतं, कमी नव्हतं झालं.

फ्रेड डेव्हिस या संशोधकाने 1989 मध्ये मांडलं होतं की माणूस नवं तंत्र वापरतो ते उपयोगाचं वाटलं तर आणि सोपं वाटलं तर, आणि त्यात उपयोगाचं वाटणं जास्त जड पडतं. मला पटतं. पण कॉलेजांत काय होतं, दोन दिवसांचं ट्रेनिंग, भाषावाले, केमिस्ट्रीवाले, कॉमर्सवाले सगळे एका हॉलमध्ये, सगळ्यांना तेच पीपीटी, शेवटी सर्टिफिकेट. माझ्या विषयात ते कुठे लावायचं हे कुणी सांगत नाही. तयारीचे तास वर्कलोडमध्ये धरत नाहीत आणि परीक्षा शेवटी कागदावरच. मग कोण कशाला रात्री जागेल? आणि स्लाइड वाचून दाखवणं याला मी वापर म्हणतच नाही, त्यात तरुण मंडळीच जास्त आहेत.

तुम्ही यावर सर्व्हे करणार म्हणताय तर वयाचा रकाना ठेवा खुशाल, पण त्याच्या आधी हे विचारा की मागच्या वेळी वर्गात मशीन अडलं तेव्हा मदतीला कोण आलं, किती वेळात आलं. विभागप्रमुखांनाही तोच फॉर्म भरायला द्या.

हां, शिकायचंच नाही असे लोक असतात, माझ्याच स्टाफरूममध्ये दोघं आहेत, त्यातला एक पस्तिशीचा आहे. आणि सिद्धता मी अजूनही खडूनेच लिहिते, ओळीमागून ओळ हळूहळू उमटत गेली की मुलांना माझ्यासोबत विचार करता येतो, स्लाइडवर ती एकदम समोर येते.