एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची मोठी लीग) साइजने लहान असलेला रुकी, म्हणजे पहिल्या वर्षाचा, लाइनबॅकर (डिफेन्सच्या मधल्या फळीतला खेळाडू) टिकेल का?

टिकेल की! सॅम मिल्स बघा, उंची फक्त 5 फूट 9 इंच, ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तिथे) कुणी घेतलं नाही, क्लीव्हलंडच्या टीमने पण काढून टाकलं, मग शाळेत शिकवलं, यूएसएफएल ही दुसरी लीग खेळला आणि 1986 ला एनएफएलच्या सेंट्स टीममध्ये आला, पाच वेळा प्रो बोल (निवडक स्टार खेळाडूंची मॅच) आणि 2022 ला हॉल ऑफ फेम. लाइनबॅकर लंडन फ्लेचर पण 5 फूट 10 इंचच, सलग 256 मॅच खेळलाय. फक्त 300 पाउंडचा गार्ड (समोरच्या टीमचा वाट अडवणारा धिप्पाड खेळाडू) अंगावर आला की वजन कमी पडतंच, म्हणून प्ले (समोरच्यांची चाल) आधीच ओळखून ब्लॉक बसायच्या आत गॅपमध्ये (त्यांच्या खेळाडूंमधल्या मोकळ्या जागेत) घुसता आलं पाहिजे, ते नसेल तर अवघड आहे. आता पासिंग वाढलंय त्यामुळे टाइट एंडला (पास झेलणारा, अंगाने मोठा खेळाडू) कव्हर करणारा चपळ लाइनबॅकर टीमना हवाच असतो. पहिल्या वर्षी स्पेशल टीम्सवर (किक मारताना-परतवताना उतरणारा गट) जीव तोडून खेळावं, अशांना रोस्टरवर (टीमच्या यादीत) जागा बऱ्याचदा तिथूनच मिळते.