वहीत नुसतं 'छान' लिहू नकोस

प्रिय पोरी,

दर महिन्याला काय वाचलं, काय पाहिलं याची वही तू सुरू केलीस, याचा मला फार आनंद झाला. जूनच्या पानाचा फोटो दोनदा पाहिला. अकरा नावं आणि प्रत्येकापुढे एकच शब्द : छान. त्या शब्दाबद्दलच लिहितोय.

दोन वर्षांनी 'छान' तुला काहीच सांगणार नाही. वाचता-पाहताना जिथे थबकलीस, ती जागा लिही. माझ्या वहीत 'गाभ्रीचा पाऊस' या २००९ च्या सिनेमापुढे एवढंच आहे : 'बापाच्या मागेमागे फिरणारं पोरगं.' शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलेला. आपला नवराही तसंच काही करील या धास्तीनं माय पोराला बापावर नजर ठेवायला लावते. ती ओळ वाचली की अख्खा सिनेमा डोळ्यांपुढे येतो. तो पाहिला ती रात्रही येते, कारण खाली लिहिलंय, 'पऱ्हाटीची दुसरी डवरणी झाली, पाऊस नाही.' तूही शेतातलं, घरातलं असं एखादं वाक्य टाकत जा.

अर्धवट सोडलेलं पुस्तकही लिही. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० सालची, आपल्या वऱ्हाडी बोलीतली. कॉलेजात असताना मी ती मध्येच ठेवून दिली आणि वहीत लिहिलं, 'वाचवत नाही.' महिना संपताना पान चाळलं, तर पूर्ण वाचलेल्या पुस्तकांतलं एक माणूस धड आठवेना; 'धग'ची नायिका कौतिक मात्र डोक्यातून हलत नव्हती. मग 'धग' परत आणली आणि शेवटपर्यंत वाचली. तेव्हापासून मी दोन ओळी लिहितो. एक वाचल्या दिवशी, दुसरी महिनाअखेरीस : आता काय उरलं? पुष्कळदा दोन्ही जुळत नाहीत. पहिल्या दिवशी डोक्यावर घेतलेला सिनेमा तीस दिवसांत पार विरून गेलेला असतो. ही दुसरी ओळ चुकवू नकोस, रोजनिशीत ती सापडत नाही.

कॉमिक्स तू पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात लिहिलीस. का ग? चित्रांतून गोष्ट सांगणं हलकं काम नाही. तीही पुस्तकांच्याच रांगेत लिही, आणि चित्रकाराचं नाव आठवणीनं लिही. अमर चित्र कथेतला 'कृष्ण' आपल्याकडे घरोघरी वाचला गेला, पण तो राम वाईरकरांनी काढला हे किती जणांना माहीत असतं? 'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढते. त्याचे जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. गावच्या वाचनालयात पुस्तकं संपली म्हणालीस ना, तिथून सुरुवात कर.

कापूस वेचणीच्या दिवसांत पान कोरं राहील. राहू दे. महिन्याचं नाव घाल, 'वेचणी' लिही आणि पुढच्या पानावर जा. मागचं भरून काढायला बसशील तर वहीचा कंटाळा येईल.

आकडा मोजू नकोस आणि मैत्रिणीच्या वहीशी आपली वही ताडून पाहू नकोस. पुस्तक कुणी दिलं ते मात्र लिही. परत करायचं असतं, आणि नंतर ते माणूसही आठवतं.

पोळ्याला गावी येशील तेव्हा वही आण. माझ्या 'धग'ची पानं सुटली आहेत, तोवर दोरा ओवून ठेवतो.

तुझे
गुरुजी