पुन्हा करता आले पाहिजे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. एका बाजूला दैनंदिन मालिकेत नायिकेच्या धाकट्या बहिणीची भूमिका आणि दुसऱ्या बाजूला, आधीची मुलगी सोडून गेल्यामुळे रिकामी झालेली, चालू व्यावसायिक नाटकातील दोन प्रवेशांची भूमिका, असा पेच तू मांडला आहेस आणि त्याखाली दोन्हींचे फायदे-तोटे लिहून काढले आहेस. त्या यादीत पैसा आहे, ओळख आहे, आईवडिलांची काळजी आहे, भूमिकेची लांबीसुद्धा आहे. यांपैकी कोणते काम तुला नटी म्हणून घडवील, हा प्रश्न मात्र तिच्यात कुठेही नाही, आणि त्याचाच मला राग आला. तुझ्यात गुण आहेत की नाहीत यावर मी वेळ घालवणार नाही. एकांकिकेत तुझे काम मी पाहिले आहे. ते पाहिले नसते तर इतके लांब पत्र लिहायला बसलोच नसतो.

नाटक घे. कारण एकच आहे: आजवर तुला कोणतीही गोष्ट पुन्हा करावी लागलेली नाही.

स्पर्धांना मी कमी लेखतो असे समजू नकोस. पुण्यात १९६३ पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेने मराठी रंगभूमीला पिढ्यान्‌पिढ्या नट पुरवले आहेत. पण त्या कामाचे स्वरूप नीट पाहा. तासाभराच्या एकांकिकेसाठी तुम्ही कॉलेज बुडवून, रात्री जागवून महिना-दोन महिने तालमी करता; मग प्राथमिक फेरी होते, नशीब असेल तर अंतिम फेरी होते, आणखी एखाद्या ठिकाणी बोलावणे आले तर तोही प्रयोग होतो, आणि संच मोडतो. भरत नाट्य मंदिरात तुमचेच मित्र आरोळ्या ठोकत बसलेले असतात. त्या भारलेल्या वातावरणात जे अंगात संचारते ते खरे असते, पण ते आपल्या हुकमात असते असे नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयोगानंतर एकांकिकाच संपल्यामुळे ते हुकमात नाही हे कळण्याची वेळच येत नाही. तुला बक्षीस मिळाले ते त्या एका संध्याकाळचे. तीच संध्याकाळ मंगळवारी दुपारी अर्ध्या रिकाम्या नाट्यगृहात, ताप अंगात असताना, पुन्हा उभी करता येते का, हे तुला ठाऊक नाही आणि मलाही ठाऊक नाही.

आता मालिकेकडे ये. प्रवेशाचे कागद अनेकदा सेटवर गेल्यावरच हातात पडतात. बारा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये दिवाणखान्यातले सगळे प्रवेश एकत्र उरकले जातात, मग कथेत ते कोणत्याही क्रमाने येवोत. प्रवेश ओके झाला की तो तुझ्या हातून कायमचा सुटतो; संध्याकाळी घरी जाताना एखादे वाक्य कसे घ्यायला हवे होते ते सुचले तरी त्याचा उपयोग नसतो. तू म्हणशील की तिथेही मास्टर, म्हणजे संपूर्ण प्रवेशाचे लांबून केलेले चित्रण, झाल्यावर क्लोज-अपसाठी तेच पुन्हा करावे लागते. करावे लागते, पण ती पुनरावृत्ती पेला कोणत्या हातात होता आणि पदर कोणत्या खांद्यावर होता, याची असते, आणि ती दहा मिनिटांत संपते. ती शिकायला आठवडा पुरतो. मी ज्या पुन्हा करण्याबद्दल बोलतो आहे त्याला वर्षे लागतात, आणि ती वर्षे तुझ्या वयातच द्यावी लागतात. चाळिशीत संसार डोक्यावर असताना ती कोणी देऊ शकत नाही.

चालत्या नाटकात काय घडते ते सांगतो. पहिले काही प्रयोग नवेपणाच्या भीतीवर निघतात. मग भीती जाते, शब्द तोंडात बसतात, कुठे हशा येतो ते पाठ होते, आणि नट आतून रिकामा होऊ लागतो. शरीर सवयीने विंगेतून बाहेर येते, वाक्ये सवयीने सुटतात, आणि डोक्यात रात्री परतीची बस किती वाजता निघणार हे चाललेले असते. पुष्कळांचा विकास इथे थांबतो. जो थांबत नाही त्याला दर प्रयोगाला काहीतरी खरोखर करावे लागते. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात ज्या वाक्याला टाळी येते ते नाशिकला कालिदासमध्ये शांततेत जाते आणि ठाण्याच्या गडकरी रंगायतनला त्याच वाक्यावर कोणीतरी हुंदका देते. तुझे वाक्य तेच, समोरची माणसे वेगळी. प्रत्येक नाट्यगृहाला आवाज निराळा लावावा लागतो. रविवारी दोन प्रयोग असले की दुसऱ्या प्रयोगासाठी स्वतःला किती राखायचे आणि पहिल्या प्रेक्षकाला त्याची झळ कशी लागू द्यायची नाही, हे पुस्तकात सापडत नाही.

मी एका नाटकात तीन प्रवेशांचे काम बराच काळ केले. दुसऱ्या अंकात मी घरातल्या वडीलधाऱ्या बाईंच्या हाती एक पत्र देत असे आणि त्या ते वाचत असत, एवढाच तो प्रसंग. पत्राचा कागद कोरा असे, हे त्यांना आणि मला माहीत होते. त्या ज्येष्ठ अभिनेत्री प्रत्येक प्रयोगाला ते पत्र वाचत. डोळे ओळीवरून ओळीवर जात, एखाद्या ठिकाणी मागे फिरत, आणि त्याला लागणारा वेळ कधीच सारखा नसे, त्यामुळे मी मनात आकडे मोजून माझे वाक्य टाकूच शकत नसे. मला त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत थांबावे लागे. त्या कोऱ्या कागदासमोर मी जे शिकलो ते मला कोणत्याही शिबिरात मिळाले नाही. ते एका प्रयोगात दिसलेही नसते. पहिल्यांदा मला वाटले होते की बाई फक्त छान वाचतात. त्या दर वेळी नव्याने वाचतात हे कळायला दौरेच्या दौरे जावे लागले.

थोरांची नावे घेऊन तुला दडपावे असा माझा हेतू नाही, पण त्यांच्याकडे तू बक्षिसांच्या नजरेने पाहतेस म्हणून सांगतो. प्रभाकर पणशीकरांनी १९६२ पासून आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये फिरत्या रंगमंचावर एकाच भामट्याची पाच सोंगे उभी केली आणि ती पुढे अनेक दशके केली. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. हौशी रंगभूमीवर वर्षानुवर्षे राबून, परदेशात वैद्यकी करून परतल्यावर १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, ते पूर्णवेळ नट झाले आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ उभे राहिले. लोक ते धाडस तेवढे सांगतात. त्यामागच्या तालमी कोणी सांगत नाही. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये साडेबारा हजारावा प्रयोग केला. तो आकडा ऐकून तुझी पिढी टाळ्या वाजवते. मला मात्र वाटते की त्यातला प्रत्येक प्रयोग कोणीतरी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते ओझे त्यांनी तितक्या वेळा उचलले.

मालिका वाईट असते असे मी कुठेही म्हटलेले नाही, तेव्हा पुढच्या पत्रात तसे माझ्या तोंडी घालू नकोस. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव मुंबई दूरदर्शनने घराघरांत नेला आणि २००१ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतले त्यांचे टिपरे आबा लोकांना आपल्याच घरातले वाटले. पण त्याच नटाने रंगमंचावर एका नाटकात अनेक भूमिका एकट्याने निभावल्या होत्या. कॅमेऱ्यासमोर ते सहज दिसतात, कारण पुन्हा करता येणे त्यांच्या अंगात आहे. ते ज्याच्या अंगात असते त्याला मालिका काही करू शकत नाही. ज्याच्या अंगात नसते त्याला ती दोन वर्षांत वापरून मोकळी होते; मग ती भूमिका संपते, वाहिनीला नवा चेहरा लागतो आणि अशा मुलीकडे त्या एका धाकट्या बहिणीखेरीज दाखवायला काही उरत नाही.

तुझ्या वडिलांनी म्हणे विचारले की या सरांनी नाटक करून काय मिळवले. प्रश्न रास्त आहे आणि मी त्याचे उत्तर देतो. १९९९ नंतर मराठी वाहिन्या वाढल्या, माझ्या बरोबरीच्या मुलांना मालिका मिळाल्या, त्यांची घरे झाली. मी दौऱ्यावर होतो आणि माझे घर माझ्या पत्नीच्या नोकरीवर चालले. त्या काळात तिला किती एकटीने निभवावे लागले याची खंत मला आहे आणि ती जाणार नाही. पण त्या वर्षांत मी जे कमावले ते आज माझ्याकडे आहे: कोणत्याही दिवशी, कोणत्याही नाट्यगृहात, कोणत्याही सहनटासमोर मी उभा राहतो आणि काम होते. मालिकांनीही मला पुढे बोलावलेच, वडिलांच्या भूमिकांसाठी का होईना, आणि सेटवर तरुण मुले माझ्याजवळ येऊन वाक्य कसे घ्यावे ते विचारतात. मी हट्टी होतो असे लोक म्हणतात. असेन, त्या हट्टावाचून मी आज तुला सांगण्यासारखे काही जवळ बाळगून नसतो.

आता व्यवहाराचे. नाटकाची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, लहान असेल, आणि प्रयोग बहुधा शनिवार-रविवारी लागतील. आठवड्याचे मधले दिवस रिकामे राहतील. त्यांत डबिंग कर, शिकवण्या घे, अर्धवेळ नोकरी धर, आणि आईवडिलांकडे पैसे मागण्याची वेळ आणू नकोस, म्हणजे त्यांचा अर्धा विरोध आपोआप निवळेल. मालिकेचा मोबदला हाती यायला तीन-तीन महिने लागू शकतात हेही त्यांना सांग, कारण तुमच्या घरात तो पैसा आजच मोजला जातो आहे. रिप्लेसमेंट म्हणून जाते आहेस तेव्हा तुला मोजक्याच तालमी मिळतील आणि आधीच्या मुलीच्या जागा, हालचाली, उसंती जशाच्या तशा मागितल्या जातील. त्या मुकाट्याने दे. इतरांचे काम आणि प्रकाशयोजना त्यांवर बांधलेली असते, तुझ्या कल्पना ऐकायला तिथे कोणाला उसंत नसते. पंचवीसएक प्रयोग झाले की ती भूमिका तुझ्या मापाची होऊ लागेल, आणि तेव्हा दिग्दर्शकालाही विचारावे लागणार नाही.

मालिकेच्या लोकांना नीट बोलून नकार दे, तारखांचे कारण सांग, खोटे आजारपण सांगू नकोस. अशी विचारणा पुन्हा येते. आता आली तशी दोन वर्षांनीही येईल. नाटकाच्या व्यवस्थापकाला उद्याच होकार कळव, संहिता मागून घे आणि आपले दोन प्रवेश तेवढे न वाचता संपूर्ण नाटक वाच. मग दर प्रयोगाला विंगेत उभी राहून बाकीच्यांचे काम पाहा, मेकअपच्या खोलीत फोन घेऊन बसू नकोस. कंटाळा यायला लागला की मला पत्र लिही. त्या आधी लिहिलेस तर मी उत्तर देईन, पण थोडक्यात देईन.

तुझा,
सर