वाईट दिवसाच्या मापानं धंदा

"मीच मालक, मीच नोकर. मीच आडवी पडले तर कसं व्हायचं वो ताई?" थोड्याफार फरकानं हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कुणाला संधिवात, कुणाला मधुमेह, कुणाला दमा. नोकरदाराला रजा टाकता येते. शिवणकाम, पार्लर, मसाले, घरगुती पदार्थ यांवर घर चालवणाऱ्यांना ती सोय नाही. मग गाडी एकाच जागी येऊन अडते: धंदा सोडून देऊ का?

याचं उत्तर मी हो किंवा नाही असं देत नाही. समुपदेशनात माझा कल विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे, म्हणजे मनातल्या समजुती तपासून बघण्याकडे आहे. माणूस आजारानं थकतो हे खरंच, पण आजाराबद्दल आणि स्वतःबद्दल मनाशी घट्ट धरलेल्या समजुती त्याला जास्त दमवतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. म्हणून आधी ती समजूत शोधायची.

अमळनेरकडच्या उषाताईंची (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) गोष्ट सांगते. पंचेचाळिशीच्या. ज्वारीचे बिबडे (हातानं थापलेले पापड), कुरडया, उडदाचे पापड करून विकतात. गिऱ्हाईक जळगाव-धुळ्याचं, शिवाय सुरतेला उधना-लिंबायत भागात राहणारी आपली खान्देशी माणसं. होळीपासून अखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. त्यांना आमवात झाला, म्हणजे रुमॅटॉईड. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, आणि सकाळी उठल्यावर बोटं तासभर, कधी त्याहून जास्त आखडलेली राहतात. आता बिबड्यांचं काम बघा. पहाटे घाटा, म्हणजे ज्वारीच्या भरड्याचं घट्ट मिश्रण, शिजवायचा, खाटेवर ओलं धोतर पसरायचं, घाटा गरम आहे तोवर हातानं थापायचा आणि उन्हं चढायच्या आत सगळं उरकायचं, कारण एप्रिल-मेमध्ये इथे पारा 44-45 अंशांवर जातो. धंद्याला जे तास हवेत, नेमके तेच आजार घेऊन जातो.

"मदतीला बाया का लावत नाही?" मी विचारलं.

"लावल्या होत्या. पण मग ते माझे बिबडे कसे? लोके मना हातनी चव मांगतस."

"ही चव नेमकी कुठे ठरते, तेवढं मला सांगा."

त्या मन लावून सांगू लागल्या. ज्वारी किती भिजवायची, भरडा किती जाड ठेवायचा, लसूण-मिरची कधी घालायची, तीळ किती, घाटा कोणत्या वासावर उतरवायचा. मी मध्ये बोलले नाही. सांगून झाल्यावर एवढंच म्हटलं, "यात थापणं कुठेच आलं नाही."

उषाताई बराच वेळ आपल्या बोटांच्या सुजलेल्या पेरांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "थापायला काय, कोणीबी थापील." 'प्रामाणिक बाई सगळं स्वतःच्या हातानं करते' ही त्यांची समजूत तिथे पहिल्यांदा हलली. मी काही शिकवलं नव्हतं, उत्तर त्यांच्याच तोंडून आलं होतं. असं उत्तर टिकतं, हा माझा अनुभव आहे.

दुसरी गाठ जास्त चिवट होती. "या आजाराचा काही भरवसाच नाही," हे त्यांचं पालुपद. मी ऑर्डरची वही घेऊन यायला सांगितलं आणि रोजच्या कामासमोर हाताची अवस्था लिहायला लावली: मोकळे, जड, बंद. पुढच्या भेटीत वही त्यांनीच उघडली. ज्या दिवशी हात मोकळे, त्या दिवशी दोन-तीन दिवसांचं काम एका दमात उरकलेलं, आणि त्यानंतर हमखास 'बंद, बंद, जड'.

"म्हणजे बरं वाटलं की मीच जास्तीचं काम ओढून घेते, आणि शब्दही त्याच दिवशी देऊन बसते," त्या म्हणाल्या.

"वाईट दिवशी, मदतीला बाया धरून, किती होतं?"

"पाच किलो. ओढून ताणून."

"मग शब्द कोणत्या आकड्यावर द्यायचा?"

मला सांगायचं आहे ते हेच. दीर्घ आजार असलेली माणसं धंदा चांगल्या दिवसाच्या मापानं मांडतात, आणि वाईट दिवशी स्वतःला नालायक ठरवतात. माप वाईट दिवसाचं घ्या. चांगल्या दिवशीचं जास्तीचं काम शिल्लक म्हणून डब्यात जाऊ द्या. उषाताईंनी पाच किलोच्या हिशोबानं तारखा द्यायला सुरुवात केली. आजाराबद्दल गिऱ्हाइकांना सांगायचं का, हा घोळही त्यातच सुटला. गिऱ्हाइकाला तारीख पाळलेली हवी असते, दुखण्याची कहाणी सांगायची की नाही हे तुमच्या मर्जीवर. काही गिऱ्हाइकं तुटली, पण बहुतेकांनी पुढची तारीख घेतली.

प्रत्येक ऑर्डरमधला काही भाग आजारपणासाठी वेगळा काढा, घरखर्चात मिसळू देऊ नका. हाताचं काम यंत्रावर नेता येत असेल तर लाजू नका. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत बँक कर्जाशी जोडलेलं 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवलं होतं. ते आता मिळतं का, याची जिल्हा कृषी कार्यालयात चौकशी करा.

औषधाचं मात्र कळकळीनं सांगते. उषाताई सीझनमध्ये आमवातावरची आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी गुपचूप चुकवत होत्या, कारण दुसऱ्या दिवशी मळमळतं आणि काम बुडतं. हे त्यांनी डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर डॉक्टरांनी गोळीचा वार बदलून दिला, बस. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून त्यात स्वतःच्या मनानं काहीही फिरवू नका. कामाचं वेळापत्रक घेऊनच डॉक्टरांकडे जा. तुमची पहाट कशी जाते हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

आणि झोप उडाली, वहीला हात लावावासा वाटेना, जगणंच नकोसं वाटू लागलं, तर तो आळस समजू नका. दीर्घ दुखण्यासोबत नैराश्य पुष्कळदा येतं आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. जवळ कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.