'आई, आपण घरी कधी जायचं?'

'ताई, आम्हाला परदेशात येऊन नऊ वर्षं झाली. वर्षाला २५ दिवसांची रजा मिळते, त्यातले २२ दिवस दरवर्षी घरी जाण्यात संपतात. सासर, माहेर, दोन्हीकडचे काका-मामा-आत्या, अशी आमची वरात फिरत असते आणि परत येतो ते आजारी पडूनच. यंदा नवरा म्हणतो, रजा इथल्याच भागात फिरण्यात घालवू. सासूबाईंच्या कानावर घातलं, तर म्हणाल्या, "जग बघायला वेळ आहे, आम्हाला बघायला नाही." त्यात गेल्या वर्षी माझ्या आठ वर्षांच्या लेकीने आजीच्याच घरात, सगळ्यांसमोर विचारलं, "आई, आपण घरी कधी जायचं?" सासूबाई उठून आत गेल्या. मी लेकीला ओरडले. तेव्हापासून ती फोनवर आजीशी 'हो', 'नाही' एवढंच बोलते आणि पळून जाते. सगळ्यांना खूश ठेवता ठेवता माझा जीव मेटाकुटीला आलाय. काय करू? – बॅगवाली'

बॅगवाली बाई,

आधी लेकीकडे बघू. सासूबाईंचा रुसवा आठ दिवस थांबेल, पोरीचं थांबवू नये.

आठ वर्षांच्या पोरीचा 'घर' या शब्दाचा हिशेब फार साधा असतो. रात्री जाग आली तर न चाचपडता दिव्याचं बटण सापडतं, ते घर. तुझ्या लेकीला ते बटण तुमच्या तिकडच्या फ्लॅटमध्ये सापडतं. आजी आवडत नाही, असं ती म्हणाली नव्हती. दमली होती, अनोळखी माणसांत गालगुच्चे घेऊन घेऊन कंटाळली होती, आपल्या पलंगाची आठवण आली होती. तू आणि सासूबाई, दोघींनी त्यात नको तेवढा अर्थ भरलात.

आणि दोन घरांचं गणित आपल्याला शिकवायला हवं का गं? सासर-माहेर ही जोडी आपल्या भाषेत कधीपासूनची आहे! सासरी पंचवीस वर्षं काढलेली बाईही 'चार दिवस घरी जाऊन येते' असं माहेराबद्दल सहज म्हणते, आणि तिसऱ्या दिवशी माहेरी बसून 'आता घरी जायला हवं' असंही म्हणते. दोन्ही खरं असतं. सासूबाईंना हे याच शब्दांत सांगितलंत, तर मला वाटतं, त्या तुमच्या दोघांच्याही आधी समजतील.

रूथ हिल यूसीम नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाई १९५०च्या दशकात नवऱ्याबरोबर, मुलांना घेऊन, भारतात राहिल्या. इथे काम करणाऱ्या अमेरिकन लोकांचा त्या अभ्यास करत होत्या. आईवडिलांचा देश एक आणि वाढण्याचा देश दुसरा, अशा मुलांना 'थर्ड कल्चर किड्स' हे नाव त्यांनीच दिलं. या मुलांना 'तू कुठली?' हा प्रश्न सगळ्यात अवघड जातो, असं पुढे अनेकांनी लिहिलंय. तुझी लेक तो प्रश्न रोज शाळेत झेलत असणार. आजीच्या घरात तरी तिची परीक्षा नको.

तू ओरडलीस, ते चुकलं. आजीसमोर तोंड उघडलं की आई रागावते, एवढंच ती त्या दिवशी शिकली. फोनवरचं 'हो', 'नाही' तिथून आलंय. तिला आज सांगून टाक: 'त्या दिवशी मी उगाच ओरडले, तू काही चुकीचं बोलली नव्हतीस.' एवढंच. वर स्पष्टीकरणाची शेपटी लावू नकोस.

आणि 'चल, आजीशी बोल' हा हुकूम बंद कर. समोर तोंड धरून, 'काय केलंस आज?' या प्रश्नाला उत्तर देणं मोठ्यांनाही जमत नाही. फोन टेबलावर टेकवून ठेव. ती चित्र काढेल, आजी पलीकडे आपलं काम करेल. नाहीतर आजीला एक गोष्टीचं पुस्तक हाती धरू दे. रोज दीड पान वाचायचं आणि ऐन रंगात आलं की थांबायचं. दुसऱ्या दिवशी फोन कोण मागतं ते बघ. मात्र तुमच्या घड्याळांची दोघींना सोयीची अशी एक वेळ धरा आणि ती पाळा. लेक पेंगुळलेली असताना प्रेम उतू जात नसतं.

आता रजेचं. ते २२ दिवस तू 'सुट्टी' म्हणून मोजतेस, तिथेच गोची आहे. ती सुट्टी नव्हे, ती फेरी. मीही सात वर्षं परदेशात काढली आहेत. एका वर्षी मी ११ दिवसांत १४ घरं केली. बाराव्या घरात माझा मुलगा बूट न काढताच कुणाच्या तरी सोफ्यावर झोपून गेला. त्याला उचलताना मला त्या यजमानीणबाईंचं नाव आठवेना. शिवाय येताना बॅगेच्या २३ किलोंपैकी जवळजवळ निम्मं वजन इतरांनी इतरांसाठी दिलेल्या पुड्यांचं होतं. त्या दिवशी ठरवलं: पुढच्या वेळी एका जागी मुक्काम, ज्याला भेटायचंय त्याने यावं. दोघंजण रुसले. एकाने तर पुढे वर्षभर फोन केला नाही. बाकीचे आले. जास्त वेळ बसले, जास्त बोलले.

पहिले तीन दिवस कुणालाही द्यायचे नाहीत. शरीराचं घड्याळ साधारणपणे एका वेळविभागाला (टाइम झोनला) एक दिवस या चालीने जुळतं. पूर्वेकडे जाताना ते जास्त जड जातं, कारण बहुतेकांचं हे आतलं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब असतं. त्याला दिवस लांबवणं सोपं, आखडणं अवघड. पहाटे तीनला टक्क जागी आणि संध्याकाळी पाचला किरकिरणारी पोर हट्टी नसते. सकाळी तिला उजेडात बाहेर ने आणि संध्याकाळी पाहुणे बोलावू नकोस. 'आजारी पडूनच परततो' यातलं निम्मं तरी इथे वाचेल.

नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे. नऊ वर्षं ज्या देशात राहताय तिथलं विमानतळ सोडून काही पाहिलं नाही, हे वाईटच. पण यंदा सगळी रजा फिरण्यात घालवायची हे मला पटत नाही. सासूबाई टोचून बोलल्या खऱ्या, पण त्या टोचण्याखाली वयाची भीती आहे, आणि ती खोटी नाही. १४ दिवस घरी, एकाच जागी, आणि उरलेले ११ तुमचे तिघांचे. माहेरच्यांनाही तिथेच बोलाव, नाहीतर पुढच्या वर्षीचा मुक्काम त्यांच्याकडे. आणि हे सासूबाईंना तू सांगायचं नाहीस. आई त्याची आहे, बोलायचं त्याने, तेही 'आम्ही ठरवलंय' असं म्हणून. 'ही म्हणते' हे शब्द त्याच्या तोंडून आले, तर तुझ्या पत्राचा दुसरा भाग मला पुढच्या महिन्यात मिळेल, याची खात्री आहे.

सासू-सासऱ्यांना तुमच्याकडे आणण्याचा विचार पत्रात कुठेच दिसला नाही. तब्येत साथ देत असेल तर जरूर आणा. नात शाळेतून येते ती वाट, तिचा पलंग, ते बटण त्यांनी एकदा बघितलं, की 'घरी कधी जायचं' याचा अर्थ त्यांचा त्यांना लागेल. तू देशाचं नाव लिहिलं नाहीस. शेंगेन भागात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी एखाद्यात असाल, तर लक्षात ठेव, पाहुणा म्हणून १८० दिवसांच्या कुठल्याही कालावधीत ९० दिवसच राहता येतं, आणि येण्याचा व जाण्याचा दिवसही त्यात धरतात.

या खेपेला आजीच्या कपाटातला एक खण लेकीसाठी मागून घे. सगळ्यात खालचा, तिच्या हाताला येईल असा. निघताना तिने त्यात काय ठेवायचं ते तिचं ती ठरवेल: दात घासायचा ब्रश, अर्धं रंगवलेलं चित्र, खूण घातलेलं पुस्तक. आवरायला कुणीही तो उघडायचा नाही, आजीनेसुद्धा नाही.

तू लेकीला घेऊन आधी निघणार आणि नवरा मागून येणार असेल, तर त्याच्या सहीचं संमतीपत्र जवळ ठेव. एकट्या पालकाबरोबर मूल दिसलं की बऱ्याच देशांच्या सीमेवर ते मागू शकतात. आणि तिकिटं काढण्याआधी तिघांचे पासपोर्ट आणि तिकडची राहण्याची परवानगी यांच्या तारखा बघ. भारतीय पासपोर्ट असेल तर लेकीचा पाचच वर्षांचा असतो, आणि पुष्कळ देशांना प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. आज रात्रीच बघ, ती झोपली की.

– ताई